सैल सांधे, घट्ट पोट

पत्र: डॉक्टर, माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. लहानपणापासून ती रबरासारखी वाकते. अंगठा मनगटाला टेकवते, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला लावते, शाळेच्या योगस्पर्धेत दोनदा बक्षीस मिळालंय. पण गेलं वर्षभर सकाळी पोटात दुखतं म्हणून रडते. शी चार-पाच दिवसांनी होते आणि ती एवढी मोठी की संडास तुंबतो. मध्येच दिवसातून दोन-तीनदा चड्डीला पातळ डाग लागतात, मग शाळेतून बाईंचा निरोप येतो. दोन घासांत पोट भरलं म्हणते, करपट ढेकर येतात. रात्री पाय दुखतात तेव्हा तापाला देतात ते केशरी औषध देते. सोनोग्राफीत पोटात गाठी आल्या. सासूबाई म्हणतात शाळा चुकवायची नाटकं, माझी आई म्हणते जंत. म्हापशाच्या एका डॉक्टरांनी तिचे सांधे बघून ‘कनेक्टिव्ह टिश्यूचा आजार असू शकेल’ असं म्हटलं. रात्री मोबाइलवर त्याबद्दल वाचलं आणि झोप उडाली. सांध्यांचा आणि पोटाचा खरंच संबंध असतो का? दूध, गहू बंद करू का? मुंबईला नेऊ का? (माझे एक मामा चाळिशीच्या आत आतडं फुटून गेले, पण ती जुनी गोष्ट.)
— एक आई, डिचोली

उत्तर:

पहिल्या वाचनात मी चड्डीवरच्या डागांपाशी थांबले, दुसऱ्या वाचनात कंसातल्या मामांपाशी. तुम्ही ज्यांना जुनी गोष्ट म्हणून कंसात टाकलंत त्यांना कंसाबाहेर काढायचं आहे, पण ते शेवटी. तोवर एवढंच लक्षात ठेवा: कुणी एनिमा द्यायला किंवा आतड्यात दुर्बीण घालायला निघालं तर आधी मामांचं सांगा. तोंडाने घ्यायच्या औषधांना त्यामुळे अडत नाही.

आता मुलीकडे वळू. तुम्ही मोबाइलवर जे लांबलचक नाव वाचलंत त्याने तुमची झोप उडवली. तिला मात्र रोज छळतंय ते साधं, घरगुती नावाचं दुखणं, बद्धकोष्ठ. पोटविकारतज्ज्ञांनी २०१६ साली ठरवलेल्या ‘रोम चार’ निकषांत मुलांच्या बद्धकोष्ठाच्या सहा खुणा दिल्या आहेत. आठवड्यात दोनदा किंवा त्याहून कमी शी होणं, शी रोखून धरणं, ती खडा किंवा दुखरी असणं, संडास तुंबेल एवढी मोठी असणं, गुदाशयात मळाचा गोळा साचलेला असणं आणि संडासाला जायची सवय लागून गेल्यावरही चड्डी खराब होणं. यातल्या दोन महिनाभर दिसल्या तरी पुरे. तुमच्या पत्रात मला तीन सापडल्या, तेही मुलीला न तपासता.

डागांबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण घराघरांत सर्वांत जास्त रडारड तिथेच होते. पावसाळ्यात व्हाळात, म्हणजे ओढ्यात, ओंडका अडकला की पाणी थांबत नाही, ते कडेकडेने वाट काढतं. तिच्या पोटात तेच चाललंय. गुदाशयात घट्ट गोळा बसलाय आणि वरची पातळ शी त्याच्या बाजूने झिरपून चड्डीत येते. गुदाशय महिनोन्‌महिने ताणलेला राहिला की ‘आता जायला हवं’ ही जाणीवच बोथट होते. त्यामुळे डाग लागल्याचं तिला आधी कळत नाही, तिच्या शेजारी बसलेल्या मुलीला वासाने कळतं. ही आळशीपणाची किंवा हट्टाची गोष्ट नाही. तिला ओरडून, लाजवून ती जाणीव परत येणार नाही, उलट ती आणखी रोखून धरेल.

मी स्वतः यात चुकले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सत्तरी तालुक्यातून एक सात वर्षांचा मुलगा आला होता. आई म्हणाली, दिवसातून चारदा पातळ होते, चड्डी खराब होते. मी जुलाब थांबायचं औषध लिहून दिलं. पोटावर हात ठेवला असता तर डाव्या बाजूला गोळा लागला असता. ठेवला नाही, कारण दारात रांग होती. आठवड्याने तो परत आला तेव्हा त्याची लघवीही अडली होती. त्यानंतर मी रांग कितीही लांब असो, पोटावर हात ठेवल्याशिवाय कागदावर पेन टेकवलं नाही.

म्हणून पहिलं काम गोळा काढण्याचं आहे. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. ती पाण्यात विरघळते, आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते. सुरुवातीचे काही दिवस मोठा डोस असतो. तेव्हा भरपूर पातळ होतं आणि डाग वाढतात. बरेच आईवडील नेमके इथेच घाबरून औषध थांबवतात. कृपा करून तुम्ही थांबवू नका, हे दिवस शनिवार-रविवार किंवा सुटी बघून काढा. गोळा गेला की रोजचा छोटा डोस, तो निदान दोन महिने. शी सुरळीत होऊन महिना झाल्याशिवाय तो कमी करायचा नाही, आणि करायचा तोही हळूहळू. तिच्यासारख्या मुलांत हा काळ पुष्कळदा सहा महिने, वर्षसुद्धा होतो. ‘आतड्याला सवय लागेल’ ही भीती मी रोज ऐकत आलेय. या पावडरीने सवय लागत नाही. ताणलेल्या गुदाशयाला आखडून पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतो, म्हणून औषध लांबतं. किती ग्रॅम द्यायची ते तिच्या वजनावर ठरतं, ते माझ्याकडून पत्रातून घेऊ नका.

आजीचं एरंडेल मात्र कपाटात राहू दे. महिन्यातून एकदा कोठा धुऊन काढला की दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर पुन्हा तेच सुरू होतं. वर त्या कळांनी मूल संडासालाच भिऊ लागतं. बेंबीवर हिंग लावायचा असेल तर खुशाल लावा, त्याने नुकसान नाही आणि आजीचा हात पोटावर फिरतो हे काही थोडं नाही. जंतांचं म्हणाल, तर १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत जंतांची गोळी देतात. ती तिने घेतली असेल तर वर्षभराच्या दुखण्याचं खापर जंतांवर फोडू नका.

आता वेळ. गोव्यातल्या मुलांची सकाळ मला ठाऊक आहे. साडेसहाला उठवायचं, अर्धा कप दूध घशाखाली ढकलायचं, सातच्या सुमाराला रस्त्यावर उभं करायचं. त्या गडबडीत कुठल्या मुलाला शी होणार? मग शाळेत कडी नसलेला, पाणी नसलेला संडास, तिथे जायचं नाही म्हणून रोखून धरायचं. पण आपल्याकडची एक गोष्ट सोयीची आहे. बहुतेक शाळा दुपारी सुटतात आणि मुलं घरी येऊन जेवतात. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपणहून हलू लागतं. शी होण्याची ती नैसर्गिक वेळ. तेव्हा दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, पंधरा-वीस मिनिटांनी, तिला पाच ते दहा मिनिटं संडासावर बसवा. शी झाली नाही तरी शाबासकी बसल्याची द्या. कमोड असेल तर पायांखाली पाट ठेवा, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. पाय लोंबकळत राहिले तर जोर लागत नाही, सैल सांध्यांच्या मुलांना तर मुळीच नाही. भारतीय संडासात बसून तिचे घोटे आणि गुडघे दुखत असतील तर हट्ट धरू नका. आणि तिला चतुर्थीच्या बाजारातली पिपाणी द्या. बसल्या बसल्या ती फुंकायची. फुंकताना पोट कडक होतं आणि खालचे स्नायू ढिले पडतात, शी करायला नेमकं तेच लागतं. रोखून धरायची सवय लागलेली मुलं जोर करताना खालचं दारही आवळून धरतात, ते या खेळाने सुटायला मदत होते. शेजारी विचारतील संडासात वाजंत्री कसली, विचारू देत.

बाईंना एक चिठ्ठी द्या: हिला आजार आहे, उपचार चालू आहे, ती न विचारता संडासाला जाईल. दप्तरात एक जादा चड्डी आणि एक पिशवी. एवढ्याने निम्मा ताण उतरतो.

मग तुमचा मुख्य प्रश्न. सांध्यांचा आणि पोटाचा संबंध असतो का?

असतो, पण मोबाइलने सांगितला तेवढा सरळ नाही. शरीरातले अवयव एकमेकांना बांधून, आकारात धरून ठेवणारं जे द्रव्य आहे त्यातला मोठा वाटा कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा. ते अस्थिबंधांत आहे, त्वचेत आहे, रक्तवाहिन्यांत आहे आणि अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंत सगळ्या नळीच्या भिंतीतही आहे. चतुर्थीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना दोर सैल बसला तर नारळ खाली लोंबतो, सुपारीचा घड सरकतो, पण माटोळी पडत नाही. अशा मुलांचं शरीर साधारण तसं असतं. गुदाशयाची भिंत जास्त ताणली जाते, म्हणून भरल्याची जाणीव उशिरा होते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप ढिली असली की आंबट वर येतं, तिचे करपट ढेकर त्यातले असू शकतात. जठर हळू रिकामं होत असेल तर दोन घासांत पोट भरतं. शिवाय आतड्याच्या हालचालींवर ताबा ठेवणारी स्वायत्त चेतासंस्था अशा काही मुलांत जरा गडबडलेली असते, ही मुलं उठून उभी राहिली की चक्कर येते, छाती धडधडते. आणि काहींच्या आतड्यांच्या नसा साध्या वाऱ्यालाही कळ समजतात.

दुसरी बाजूही ऐका. सैल सांधे मुलांत फार सर्रास दिसतात, आशियाई मुलांत तर आणखी. बद्धकोष्ठही सर्रास दिसतं. दोन सर्रास गोष्टी एका मुलात एकत्र भेटल्या म्हणजे एकीने दुसरीला जन्म दिला असं होत नाही. तज्ज्ञांच्या दवाखान्यात येणाऱ्या मुलांच्या काही अभ्यासांत दोन्हींचा संबंध दिसलाय, शाळांतल्या सर्वसाधारण मुलांच्या पाहणीत तो दिसलाच असं नाही. म्हणून मी आईवडिलांना सांगते की सांधे सैल आहेत हे कळल्याने पोटाच्या उपचाराची दिशा बदलत नाही, चिकाटी बदलते. इतर मुलाला दोन महिने लागतील तिथे हिला आठ लागतील असं धरून चाला.

नावाबद्दल. सैलपणा मोजायला बेटन गुणांकन वापरतात. दोन्ही करंगळ्या मागे वाकणं, दोन्ही अंगठे मनगटाला टेकणं, दोन्ही कोपरं आणि दोन्ही गुडघे उलटे जाणं, यांचे आठ गुण आणि तळवे जमिनीला टेकण्याचा एक, असे नऊ. वयात न आलेल्या मुलाला सहा किंवा जास्त मिळाले तर सांधे सैल म्हणायचे. म्हणजे सैल एवढंच, आजारी नव्हे. तुम्ही वाचलेलं नाव बहुधा एलर्स-डॅनलोस असणार, म्हणजे शरीर बांधून धरणाऱ्या त्या द्रव्याचा जन्मजात आजार. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे तेरा प्रकार मांडले आहेत. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा, अतिलवचिक सांध्यांचा प्रकार, हा असा एकच आहे की ज्याचं जनुक अजून सापडलेलं नाही, म्हणजे रक्त तपासून तो सिद्ध करता येत नाही. आणि २०२३ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मुलांसाठी वेगळी चौकट दिली. तिचा रोख असा की हाडांची वाढ पुरी होण्याआधी मुलावर या प्रकाराचा शिक्का मारू नये, सैलपणा आणि त्रास यांची नोंद ठेवावी, उपचार करावेत आणि मोठं झाल्यावर पुन्हा बघावं. मला हे पटतं. नऊ वर्षांच्या मुलीच्या कपाळावर जन्मभराचं नाव गोंदलं की ती प्रत्येक ढेकरेला त्या नावाने ओळखू लागते.

इथे आणखी एक घोळ आहे, तो तुमच्यासाठी नसला तरी दुसऱ्या कुणा आईसाठी मोकळा करते. ‘कनेक्टिव्ह टिश्यूचे आजार’ म्हणजे संयोजी ऊतींचे आजार, आणि या एका नावाखाली दोन वेगळी घराणी नांदतात. एक जन्मजात: एलर्स-डॅनलोस, मार्फान, लोयस-डिट्झ. (या शेवटच्या प्रकारातल्या मुलांना अन्नाच्या ॲलर्जी आणि आतड्याची सूज जास्त होते, तिथे पोटाच्या तक्रारीला ‘सैलपणामुळे’ म्हणून सोडून द्यायचं नसतं.) दुसरं घराणं नंतर होणाऱ्या आजारांचं, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते: ल्युपस, स्क्लेरोडर्मा, डर्मॅटोमायोसायटिस. या दुसऱ्या घराण्यातल्या मुलांच्या पोटाचे नियम निराळे. स्क्लेरोडर्मात अन्ननलिका कडक आणि संथ होते, घास अडतो, जळजळतं. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये गिळण्याचे स्नायू दुबळे पडतात. मूल नाकातून बोलू लागलं, पाणी पिताना ठसकू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ल्युपसच्या मुलाचं पोट अचानक जोरात दुखलं तर घरी ओवा देत बसायचं नाही, आतड्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आलेली असू शकते. आणि स्टिरॉइड चालू असलेल्या मुलाचं पोट आतून बिघडलं तरी बाहेरून मऊ लागतं, ताप चढत नाही, म्हणून अशा मुलाच्या थोड्या दुखण्यालाही मोठं मानायचं. तुमच्या मुलीला पुरळ, लांबलेला ताप, सुजलेले सांधे, गळणारे केस यांतलं काही नाही असं पत्रावरून वाटतं. तरी तपासताना डॉक्टर हे विचारतीलच.

त्या केशरी औषधाची बाटली जरा उजेडात धरा आणि नाव वाचा. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असेल तर तुमच्या अर्ध्या कोड्याचं उत्तर तिथेच असू शकेल. ही औषधं जठराच्या अस्तराला झोंबतात, रिकाम्या पोटी तर हमखास. रात्री पाय दुखले म्हणून दिलं आणि सकाळी पोट दुखलं, हे मी अनेकदा पाहिलंय. पायांना कोमट तेल चोळा, शेकवा. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. लोहाचं टॉनिक चालू असेल तर तेही सांगा, त्याने शी घट्ट होते.

आणि योगस्पर्धा. बक्षिसं ठेवा, पण पाहुण्यांसमोर अंगठा मनगटाला लावून दाखव, पाय मानेत अडकवून दाखव, हे कौतुक बंद. ताणलेला सांधा आणखी ताणून रात्री पाय दुखणारच. तिला ताण नको, बळ हवं. पोहणं, सायकल, आणि फिजिओथेरपिस्टने दाखवलेले पोट-पाठीचे व्यायाम. पोटाचे स्नायू घट्ट झाले की शीलाही जोर येतो.

खाण्याचं. गहू आपल्या मनाने बंद करू नका. गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिअॅक आजार बघायला रक्ताची एक तपासणी आहे, आणि मूल गहू खात असेल तरच ती खरं सांगते. आधी पोई-चपाती बंद केली आणि मग रक्त दिलं तर आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. डॉक्टर ती तपासणी आणि बरोबर थायरॉइड बघतील, दोन्हींमुळे बद्धकोष्ठ होऊ शकतं. दुधाचं वेगळं. ती दिवसाला किती पेले पिते ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण चॉकलेटची पूड घातलेले तीन-तीन पेले पिणाऱ्या मुलांना जेवायला भूक कुठून लागणार? दोन पेल्यांवर आणा. उपचार नीट होऊनही गाडी हलली नाही तर डॉक्टर दोन-चार आठवडे गाईचं दूध थांबवून बघतील, तेव्हा बघू. इसबगोल आणि चोथा यांचा मारा गोळा असताना करू नका, तुंबलेल्या व्हाळात आणखी पाचोळा टाकल्यासारखं होईल. गोळा गेल्यावर तांबडी भाजी, आळसांदे, पपई, नाचणीची तिजान, वयाला साजेल एवढं सगळं चालेल. पाणीही तहानेपुरतं, उन्हाळ्यात थोडं जास्त. तांब्या घेऊन मागे लागण्याची गरज नाही.

जी मुलं दोन घासांत ढेकर देतात त्यांना ताट भरून वाढू नये. आपल्या आज्या सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज देत, दुपारी शीत-कढी म्हणजे भात-आमटी, चारला काहीतरी, रात्री हलकं. हळू रिकाम्या होणाऱ्या जठराला हेच वेळापत्रक मानवतं. शाळेमुळे पेज सुटली, तर डब्यात छोटं काहीतरी दोनदा खाईल असं द्या. रात्रीचं जेवण झोपायच्या दोन तास आधी, आणि तळलेला बांगडा दुपारच्या जेवणात.

सोनोग्राफीतल्या ‘गाठीं’नी तुमच्यासारखी कितीतरी घरं हादरलेली मी पाहिलीत. आतड्याच्या पडद्यात छोट्या लसिकाग्रंथी धडधाकट मुलांतही दिसतात, साध्या सर्दी-पडशानंतरही त्या वाढतात. ताप नाही, वजन घटलेलं नाही, गाठी छोट्या आणि सुट्या आहेत, तर केवळ तेवढ्या कागदावर कुणी क्षयाची औषधं सुरू करू पाहिलं तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

थांबायचं नाही अशाही काही गोष्टी आहेत. वजन उतरणं किंवा उंची खुंटणं, शीतून रक्त (कडेला लागलेला एखादा थेंब नव्हे, मिसळलेलं), हिरवी उलटी, झोपेतून उठवणारं दुखणं, घास अडकणं, लांबलेला ताप, पोट फुगून कडक होणं. आणि आठवून बघा, जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांच्या आत झाली होती का? उशिरा झाली असेल तर आतड्याला जन्मतः मज्जातंतू कमी असण्याची शंका घ्यावी लागते. यातलं काहीही असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि लगेच दाखवा.

मुंबई नको, निदान आत्ता नको. डिचोलीतून बांबोळी एका सकाळचा प्रवास आहे. जवळचे बालरोगतज्ज्ञ किंवा तिथल्या गोमेकॉचा, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचा, बालरोग विभाग इथून सुरुवात करा. जाताना दोन आठवड्यांची वही न्या. रोज शी झाली का, कशी (खडे, केळ्यासारखी, पातळ), डाग किती, पोट कधी दुखलं, काय खाल्लं, शाळा होती की सुटी. सुटीत पोट कमी दुखतं असं दिसलं तर सासूबाई म्हणतील, बघ, मी सांगत होते. त्यांना सांगा, सुटीत ती हवं तेव्हा संडासाला जाऊ शकते, म्हणून दुखत नाही. शाळेची धास्ती असेलही, धास्तीने आतडं खरोखर आवळतं, आणि आवळलेलं आतडं खरोखर दुखतं. नऊ वर्षांची मुलगी नाटक करायचं ठरवील तर स्वतःला वर्गात वास येईल असं नाटक निवडणार नाही. हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवलात तरी चालेल, माझ्या नावावर राग निघू दे.

आता मामा. एलर्स-डॅनलोसच्या तेरा प्रकारांत एक रक्तवाहिन्यांचा आहे. त्यात कोलॅजेनच्या तिसऱ्या जातीत दोष असतो, मोठ्या रक्तवाहिन्या आणि आतडं, विशेषतः डावीकडचं मोठं आतडं, पूर्वसूचनेशिवाय फुटू शकतं. अशा माणसाला एनिमा आणि आतड्याची दुर्बीण धोक्याची, म्हणून सुरुवातीला तसं लिहिलं. आता तुम्ही पुन्हा रात्रभर जागण्याआधी हेही ऐका. हा प्रकार फार विरळा आहे. त्यात सहसा बोटांचे छोटे सांधेच सैल असतात, तुमच्या मुलीसारखं सगळं अंग वाकत नाही. त्वचा इतकी पातळ असते की छातीवरच्या निळ्या शिरा दिसतात, आणि जरा लागलं की मोठे काळेनिळे डाग उठतात, केवळ नडगीवर नव्हे, जिथे कधी लागत नाही तिथेही. आणि आपल्याकडे त्या काळात ‘आतडं फुटलं’ म्हणजे बहुतेकदा जठराचा व्रण फुटलेला असे किंवा टायफॉइडमध्ये आतड्याला भोक पडलेलं असे. मामांचंही तसंच असण्याची शक्यता जास्त.

पण शक्यतेवर सोडायचं नाही, कारण खात्री करायला जनुकाची रक्ततपासणी आहे आणि ती करायची की नाही हे ठरवायला डॉक्टरांना तुमच्याकडूनच माहिती हवी. तुमच्या आईला आज फोन करा. मामांना ताप किती दिवस होता? आधी पोटात जळजळ, गोळ्या, दारू काही होतं का? ऑपरेशन कुठे झालं, कागद कुणाकडे आहेत? घरात आणखी कुणी तरुणपणी अचानक गेलं का, मेंदूत रक्तस्राव, छातीतली मोठी रक्तवाहिनी फुटणं, बाळंतपणात काही? मामांचा अंगठा मनगटाला टेकायचा का? तुमचा टेकतो का, तेही बघा, तुम्ही लिहिलेलं नाही. उत्तरं त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा, शीच्या नोंदी दुसऱ्या पानापासून.